बेनिनची बी, डिचोलीचा बॉयलर

२०२४ चा जून. पहिली मोठी सर नुकतीच पडून गेली होती. डिचोली तालुक्यातल्या एका काजू कारखान्याच्या पडवीत तागाची पोती रचून ठेवली होती, प्रत्येकी ऐंशी किलोची. दहा-बारा पोत्यांत टोकदार नळी खुपसून थोडी थोडी बी काढली, सगळी एकत्र कालवली आणि त्यातली बरोबर एक किलो तराजूवर घेतली. मोजली तर २०४ भरली. मग कारखान्याचे मालक, भाई, स्वतः अडकित्ता घेऊन बसले. एकेक बी उभी कापायची, आत बघायचं आणि तीनपैकी एका ताटलीत टाकायची: चांगला गर, डागी गर, आणि टाकाऊ. पाऊण तासाने चांगला गर भरला २३६ ग्रॅम आणि डागी २६. डागीचा अर्धाच धरतात, म्हणजे सगळे मिळून २४९.

भाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. या धंद्यात मालाचा कस पौंडांत सांगतात. ऐंशी किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल, त्याला आउटटर्न म्हणायचं. अर्धं माप किलोत, अर्धं पौंडात, आणि आजवर ते बदलायची कुणाला गरज वाटलेली नाही. किलोमागे जेवढे ग्रॅम गर, त्याला ०.१७६४ ने गुणलं की झालं. उत्तर आलं ४३.९. मंगळूरच्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या कागदावर ४८ लिहिलं होतं.

चार पौंडांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. हिशेब करून बघा. समजा बी किलोला १२० रुपयांनी पडली. पोतं झालं ९,६०० रुपयांचं. आउटटर्न ४८ असेल तर त्यातून पावणेबावीस किलो गर, म्हणजे गर किलोला ४४१ रुपयांना पडला, नुसत्या बीच्या खर्चाने. आउटटर्न ४४ वर आला की तोच गर ४८१. आणि बी १५० ला गेली तर ६०१. उकडणं, फोडणं, सुकवणं, सोलणं, निवडणं, लाकूड, वीज, बँकेचं व्याज हे सगळं त्यावर. तेवढ्या पैशात घाऊक बाजारात मुळात भाव मिळतो का, हा प्रश्न जूनमध्ये कारखान्यात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मी या कारखान्याचे हिशेब बघतो. नाव देत नाही, भाईंची तशी अट आहे. पण हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. त्या वर्षी आमच्याकडे सगळे एकच वाक्य बोलत होते, ‘बेनिनने बी बंद केली.’ बेनिन नकाशावर दाखव म्हटलं असतं तर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचं बोट दक्षिण अमेरिकेवर गेलं असतं. माझंही गेलं असतं, वर्षभरापूर्वी.

कारखाना आणि त्याचं वर्ष

भाईंचे आधी खाणीवर दोन टिप्पर होते. डिचोलीत त्या काळी ज्याच्या दारात टिप्पर नाही तो माणूस कसला, अशी परिस्थिती. काजूचं काम बायकांच्या हाताखाली मागच्या शेडमध्ये चालायचं, हंगामापुरतं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि जोडधंद्याचा मुख्य धंदा झाला. टिप्पर विकून आलेल्या पैशांत वाफेचा बॉयलर आला, पायाने दाबायची फोडणी यंत्रं आली, गर सुकवायचा बोर्मा आला. आज वीस-पंचवीस बायका कामाला आहेत, बहुतेक सत्तरी तालुक्यातल्या. बॉयलरवर झारखंडची दोन मुलं.

गावठी बी येते मार्च ते मे. बागायतदार बोंडू भट्टीवर नेतो, त्याचा नीरो म्हणजे रस, हुर्राक आणि फेणी म्हणजे दारू होते. बी वाळवून आमच्यासारख्यांकडे येते किंवा सोसायटीत जाते. हा माल कारखान्याला चार-पाच महिने पुरतो. गोव्यात काजूखाली ५५ हजार हेक्टरच्या आसपास जमीन आहे, पण हेक्टरी उतारा पाचशे किलोच्याही आतला. झाडं म्हातारी, डोंगरउतार उभे, दरवर्षी कुठे ना कुठे वणवा, आणि ऐन हंगामात बोंडू वेचायला माणूस मिळत नाही. उरलेले सात-आठ महिने बॉयलर पेटता ठेवायचा तर बी आफ्रिकेतून यायला लागते.

आफ्रिका म्हणजे एकच हंगाम नव्हे, हे धंद्यातल्या माणसाला शाळेत न जाता कळतं. पश्चिमेकडचे देश, म्हणजे आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, नायजेरिया, गिनी-बिसाऊ, यांचा माल आपल्याबरोबरच, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तयार होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मंगळूरला उतरतो. पूर्वेकडचे टांझानिया आणि मोझांबिक विषुववृत्ताच्या खाली. त्यांचा हंगाम उलटा, ऑक्टोबरनंतरचा. त्यांचा माल आपल्याकडे बी संपत आलेली असताना येतो, म्हणून महाग जातो.

भाईंसारखा लहान कारखानदार स्वतः आयात करत नाही. चाळीस फुटी कंटेनरात पंचवीस टनांच्या आसपास माल असतो. एवढे पैसे एकदम अडकवायची कुणाची छाती? तीन-चार कारखानदार मिळून एक कंटेनर वाटून घेतात, मंगळूरच्या आयातदाराकडून. त्यामुळे बी पोत्यावरच्या शिक्क्यापुरती बेनिनची किंवा घानाची. तिथली माणसं, सरकार, दर, यांच्याशी आपला संबंध येतो तो थेट किमतीतून.

बेनिनने काय केलं

बेनिन हा चिंचोळा देश, नायजेरिया आणि टोगो यांच्या मध्ये. राजधानीचं नाव पोर्तो-नोव्हो, म्हणजे पोर्तुगीजमध्ये नवं बंदर. राज्य फ्रेंचांचं होतं तरी हे नाव राहिलं, कारण त्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आधी आले, गुलामांच्या व्यापारासाठी. विदा नावाच्या बंदरातून माणसं ब्राझीलला गेली. काजूचं झाड त्याच ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं, आफ्रिकेतही नेलं. आपल्या सड्यावरचा आणि त्यांच्या लाल मातीतला काजू एकाच घरचा आहे.

२०१६ मध्ये तिथे पात्रिस तालों राष्ट्राध्यक्ष झाले. मूळचे कापसाचे व्यापारी. कच्चा माल बाहेर गेला की पैसा कुणाच्या खिशात पडतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या सरकारने एका खासगी कंपनीशी भागीदारी करून कोतोनू शहरापासून ४५ किलोमीटरवर ग्लो-जिग्बे इथे १,६४० हेक्टरांची औद्योगिक वसाहत उभी केली. कापूस तिथेच विणायचा, काजू तिथेच फोडायचा. त्यासाठी कारखान्यांना माल मिळाला पाहिजे. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूबीची निर्यात बंद. सोयाबीनही त्याच वेळी बंद. बरंच आधीपासून सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे कुणी ऐकलं नाही, हा त्यांचा दोष नाही. गंमत अशी की त्या वसाहतीमागच्या कंपनीचा संस्थापक मूळचा भारतीयच आहे.

बेनिनची बी आपल्याकडे आवडती. आकार बरा, आउटटर्न ४७-४८, दगडमाती कमी. ती गेल्यावर सगळे गिऱ्हाईक आयव्हरी कोस्टच्या दारात. तो देश जगातला सगळ्यात मोठा उत्पादक, चांगल्या वर्षी दहा लाख टनांच्या वर. पण २०२४ ला तिथलं पीक कमी आलं. भाव चढत गेले तसे आधी ठरवलेले सौदे मोडायला लागले. सगळ्यात मोठा फटका व्हिएतनामच्या कारखान्यांना बसला, कारण आज आफ्रिकेची सर्वांत जास्त बी तेच घेतात. त्यांनी जाहीर तक्रारी केल्या. ते बोंबलू शकतात. डिचोलीचा कारखानदार मंगळूरच्या व्यापाऱ्याला फोन करतो आणि ‘बघतो, बघतो’ ऐकून ठेवतो. जूनमध्ये आलेली ती ४४ पौंडांची बी अशी आली. कुठल्या गोदामात किती दिवस भिजली, कुठला जुना माल त्यात मिसळला, देव जाणे. घेतली, कारण बॉयलर थंड पडला असता.

भाईंचा राग मी समजू शकत होतो. ‘आम्ही इतकी वर्षं त्यांचा माल घेतला आणि आता ते असं वागतात,’ असं ते म्हणत. मी मान हलवायचो. मग एका रविवारी बसून थोडं वाचलं आणि माझी मान हलायची थांबली.

मोझांबिकला काय झालं होतं

बेनिन असं का वागतं हे समजायला आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर जावं लागतं. मोझांबिक १९७० च्या सुरुवातीला जगातला पहिल्या क्रमांकाचा काजू उत्पादक होता, वर्षाला दोन लाख टनांच्या वर. पोर्तुगीज राज्य होतं. खेड्यातल्या दुकानांवर बरेचदा भारतीय वंशाचे दुकानदार बसलेले. शेतकरी बी आणून द्यायचा, कापड, साबण, तेल घेऊन जायचा.

आपला मुक्तिसंग्राम आणि त्यांचा यांचा धागा इथे एकमेकांत अडकतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्याचा सूड मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर उगवला, त्यांना छावण्यांत डांबलं आणि नंतर देशाबाहेर काढलं. पुढे २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली. तिच्यामुळे त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं, आणि तिच्यामुळेच २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झालं. त्यांच्या लढ्यातला एक महत्त्वाचा विचारवंत आकिनो द ब्रागांसा हा गोव्यात जन्मलेला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचं विमान कोसळलं तेव्हा त्यांच्याबरोबर तोही गेला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं.

स्वतंत्र मोझांबिकने बी देशातच फोडायची असं ठरवलं आणि कच्च्या निर्यातीवर बंदी घातली. पण लगेच यादवी सुरू झाली, ती १९९२ पर्यंत. बागा ओस पडल्या, झाडं म्हातारी झाली, नवी कुणी लावली नाहीत. शांतता झाली तेव्हा देश कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. जागतिक बँकेने अट घातली: कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवा. कागदावर तर्क साधा होता. कर कमी झाला की शेतकऱ्याला भाव जास्त मिळेल, तो जास्त लावेल. आणि मोझांबिकचे कारखाने बी इतकी वाया घालवतात की ती भारतात फोडलेलीच बरी.

कर १९९५ मध्ये २० टक्के होता, तो पुढे १४ वर आला. बी जहाजातून भारताकडे निघाली. मोझांबिकचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि दहा हजारांच्या घरातले कामगार, त्यात बायका पुष्कळ, जवळजवळ सगळे घरी बसले. शेतकऱ्याला काय मिळालं? नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तो असा, की काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाला पाच डॉलर तीस सेंट जास्त मिळाले. बाकीचं मधल्यामध्ये गेलं. शेवटी तिथल्या संसदेने कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, पण तोवर यंत्रं गंजली होती.

हे सगळं मी भाईंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नव्वदच्या दशकात बी स्वस्त का होती ते आज कळलं.’

आणि खरं तर डिचोलीच्या माणसाला हे कळायला वेळ लागू नये. मांडवीतून बार्जेस भरभरून खनिज गेलं, आधी जपानला, मग चीनला. पोलाद तिकडे झालं. आमच्याकडे राहिली लाल धूळ, खड्डे, आणि २०१२ नंतर दारात उभे टिप्पर. कुणी तेव्हा म्हटलं असतं की खनिज बाहेर पाठवायचंच नाही, इथेच काहीतरी करा, तर तो माणूस आम्हाला देशभक्त वाटला असता. बेनिनच्या माणसाने तेच काजूबाबत म्हटलं तर तो आम्हाला आडमुठा वाटतो.

दिल्लीचं धोरण आणि आमचं गऱ्हाणं

आपण स्वतः काय करतो तेही बघायला हवं. २०१९ च्या अर्थसंकल्पात काजूगरावरचं सर्वसाधारण आयातशुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर गेलं. त्याच्या महिनाभर आधी सरकारने किमान आयात किंमत वाढवली: अख्खा गर किलोला ७२० रुपयांच्या आत आणि तुकडा ६८० च्या आत पडत असेल तर आणायचाच नाही. उद्देश उघड आहे, देशातले फोडणीचे कारखाने जगावेत. दुसरीकडे कच्च्या बीवरचं शुल्क २०१८ मध्ये ५ वरून अडीच टक्क्यांवर आणलं. म्हणजे दार कच्च्या मालाला सताड उघडं, पक्क्या मालाला कडी. भाईंचा कारखाना या कडीच्या आड उभा आहे आणि मला त्याबद्दल काही वाईट वाटत नाही. फक्त हेच बेनिनने केलं की त्याला विश्वासघात म्हणू नये.

यातच एप्रिल २००८ ची एक गोष्ट बसते. दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद भरली. मनमोहन सिंगांनी सर्वांत कमी विकसित देशांच्या मालाला शुल्कात सवलत जाहीर केली आणि आफ्रिकेच्या फायद्याच्या म्हणून ज्या वस्तूंची नावं घेतली त्यांत कापूस, कोको, तांब्याचं खनिज यांच्याबरोबर काजूही होता. बेनिन, टांझानिया, मोझांबिक, गिनी-बिसाऊ या यादीत बसतात. आयव्हरी कोस्ट आणि घाना बसत नाहीत. त्यामुळे बेनिन बंद झाल्यावर आयव्हरी कोस्टची बी घेताना तो अडीच टक्क्यांचा भारही आला. मोठ्या कारखान्याला हा भार जाणवत नसेल. आमच्या खतावणीत तो वेगळ्या ओळीत दिसतो.

आता भाव बघा. आयव्हरी कोस्टमध्ये सरकारी मंडळ दर हंगामाला शेतकऱ्याचा किमान दर ठरवतं. २०२४ ला किलोला २७५ फ्रँक होता. त्यांचा सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७, दशांशासकट. त्या हिशेबाने २७५ फ्रँक म्हणजे आपले जेमतेम ३८ रुपये. २०२५ ला हा दर ४२५ झाला, म्हणजे साठाच्या आत-बाहेर. गोव्यात सरकारने काजूबीची आधारभूत किंमत २०२३ मध्ये किलोला १५० रुपये केली. दोन्ही शेतकरी एकाच महिन्यात, तेच झाड झोडपतात. भाईंच्या धंद्याचा पाया या फरकावर आहे, आणि आयव्हरी कोस्टला हा फरक आपल्या देशात राहावा असं वाटतं. तिथले कारखाने आता देशाच्या पिकाचा चौथा हिस्सा तरी स्वतःच फोडतात. दहा वर्षांपूर्वी ते नगण्य होतं.

हे वारं काजूपुरतं नाही. झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियमची निर्यात थांबवली, नामिबियाने जून २०२३ मध्ये. गॅबॉनने अख्खे ओंडके पाठवणं २०१० मध्येच बंद केलं होतं. सगळीकडे हे साधतंच असंही नाही. टांझानियात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये व्यापारी भाव चढवेनात म्हणून राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी थेट सैन्यालाच काजू उचलायला सांगितलं, किलोला ३,३०० शिलिंग दराने. म्तवारा भागात लष्कराचे ट्रक फिरले, गोदामं भरली. पण फोडायला पुरेसे कारखाने नव्हते आणि गिऱ्हाईक रुसलेलं. माल पुढच्या वर्षापर्यंत पडून राहिला. बी फार दिवस थांबत नाही, तिला किंमत आहे तोवर विकावी लागते. सत्तरीतल्या कुठल्याही बागायतदाराने त्यांना हे फुकट सांगितलं असतं.

बिसाऊचा कागद

सप्टेंबरात गिनी-बिसाऊची बी मिळण्याची चिन्हं दिसली. आयातदाराने मालाच्या कागदांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यातला एक पूर्ण पोर्तुगीजमध्ये. भाईंची मुलगी, बीकॉम करून धंद्यात उतरलेली, मोबाइलवर भाषांतर करायला लागली. तेवढ्यात भाईंचे काका, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, म्हणाले, ‘बाय, हाड गो हांगा.’ पोर्तुगीज शाळेत शिकलेला घरातला शेवटचा माणूस. चष्मा वर-खाली करत त्यांनी वाचलं, कास्तान्य द काजू, एवढे टन, एवढा ओलावा. साठ वर्षांनी ती भाषा त्यांच्या कामी आली होती, आणि तीही काजूसाठी. मग दिवसभर त्यांच्या आठवणी सुरू. मुक्तीच्या आधी पोर्तुगीजांनी इथे मोझांबिकचे सैनिक आणून ठेवले होते, ती मुलं चौकीवर बसून ओल्या काजूचे गर सोलून खायची, आमच्याहून सफाईने, असं आबा म्हणाले.

गिनी-बिसाऊ हा वीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश आणि त्याच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या काजूचा. पोर्तुगीज गेले, झाडं राहिली, आणि बाकीची शेती मागे पडत गेली. बऱ्याच गावांत शेतकरी काजू देऊन तांदूळ घेतो. ज्या वर्षी काजूचा भाव पडतो आणि तांदळाचा चढतो, त्या वर्षी दोन्हीकडून मार. भारत त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा गिऱ्हाईक. दिल्लीत कुणी शुल्काचा आकडा हलवला की तिथल्या ताटातला भात कमी-जास्त होतो. बायका बोंडवांचा रस काढून आंबवतात, त्याची दारू गावोगाव चालते. म्हणजे हुर्राकच की, असं भाई म्हणाले, आणि त्या देशाबद्दल त्यांना पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

बी बारीक होती पण भरीव. कापून बघितली तर ५२ पौंड. महाग होती. घेतली.

मग काय केलं

ऑक्टोबरात तिघं बसून विचार झाला. मी, भाई आणि त्यांची मुलगी. तीन वाटा होत्या. एक, आहे तसंच चालवायचं, जिथून स्वस्त मिळेल तिथून बी घ्यायची आणि नशिबावर सोडायचं. भाई याच बाजूचे होते. दोन, बाहेरचा तयार गर आणून नुसतं भाजणं-मीठ लावणं-पॅकिंग करायचं. शुल्क आणि किमान किंमत बघता त्यात काही राम नव्हता, आणि वीस-पंचवीस बायकांना घरी पाठवावं लागलं असतं. तिसरी वाट मुलीची. गावठी बी वेगळी ठेवायची, वेगळी फोडायची, वेगळी विकायची.

त्याला आधार होता. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूगराला भौगोलिक मानांकन मिळालं, फेणीला २००९ मध्येच मिळालं होतं. आता ‘गोवा काजू’ म्हणून विकायचं तर बी गोव्याच्या मातीतली हवी. आतापर्यंत आमच्या दुकानात काय होतं? बेनिनची बी डिचोलीत फोडली, कळंगुटला पर्यटकाने ‘गोव्याचे काजू’ म्हणून नेली. खोटं कुणी बोलत नव्हतं, फक्त कुणी विचारत नव्हतं. मुलीने एका ओळीत विषय संपवला: ‘बाबा, बेनिनची माणसं त्यांच्या बीवर त्यांचं नाव घालतात म्हणून आपण चिडलो. आपण तर आपल्या नावावर त्यांची बी खपवतो.’

भाईंना ते लागलं. पण पैशाचा प्रश्न बोलून सुटत नाही. गावठी बी मार्च ते मे एवढ्याच काळात मिळते. वर्षभर पुरवायची तर तीन महिन्यांत सगळे पैसे ओतायचे, बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून गोदामात रचायची आणि पावसाळाभर ओलावा सांभाळायचा. बँकेचं व्याज बारा महिने चालू. मी आकडे मांडले. सगळा कारखाना गावठीवर चालवणं जमण्यासारखं नव्हतं. एक तृतीयांश जमण्यासारखं होतं. बाकीचं आफ्रिकेवरच, पण पाकिटावर तसं लिहून. ‘गोव्यात प्रक्रिया केलेले काजू’ हे शब्द छापायला भाईंना दोन आठवडे लागले.

डिसेंबरात टांझानियाची बी आली, लिलावातून सुटलेली, चांगली. थंडीचा हंगाम पार पडला. वर्षाचा ताळेबंद मी मार्चअखेर बांधला तेव्हा नफा होता, पण तो सांगण्यासारखा नव्हता; जूनच्या त्या एका कंटेनरने तो खाल्ला. त्या व्यापाऱ्याने पौंडांच्या फरकाचे थोडे पैसे परत दिले, बरेच नाही. वेगळ्या पाकिटातला गावठी काजू सालीसकट भाजून म्हापशाच्या बाजारात ठेवला तर महाग असूनही आधी संपला. पणजीच्या दोन दुकानदारांनी मात्र दोन्ही पाकिटं परत पाठवली. गिऱ्हाईक गोंधळतं, त्यांना एकच ‘गोवा काजू’ हवा, असं म्हणाले. एका वर्षावरून मी कुठलाच निष्कर्ष काढणार नाही.

यातला एक दिवस मात्र हिशेबात कुठेच बसत नाही. जानेवारीत मुलीने बेनिनच्या त्या वसाहतीतल्या काजू कारखान्याचा व्हिडिओ कुठूनतरी मिळवला आणि निवडणीच्या टेबलावर बायकांना दाखवला. पांढऱ्या टोप्या, लांब टेबलं, हातात तसलीच छोटी सुरी, समोर तसलाच गर, आमच्यासारखाच डब्ल्यू ३२० म्हणजे ठरावीक आकाराचा अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. आमच्या बायका खाली वाकून बघत होत्या. बेनिन कुठे आहे, तिथे काय बोलतात, असं कुणी विचारलं नाही. बोटांच्या वेगाबद्दल बोलल्या. एक म्हणाली, ती तिसरी बाई बरी सोलते. मग सत्तरीतल्या ठाणे गावची एक म्हातारी, वीस वर्षं इथे काढलेली, चिकाने बोटांची टोकं काळी पडलेली, मोबाइल हातात घेऊन म्हणाली, ‘तांकां हातमोजे आसात. आमकां खंय आसात गो?’

सगळ्या हसल्या. भाई दारातच उभे होते, ते हसले नाहीत.

मार्च २०२५ मध्ये गावठी बी यायला लागली. अंगणात ताडपत्र्यांवर ती वाळत होती आणि मुलगी पोत्यांवर लाल रंगाने गावांची नावं घालत होती: केरी, होंडा, नगरगाव, भिरोंडा. शेडच्या दुसऱ्या टोकाला आयव्हरी कोस्टची पोती, सान पेद्रो बंदराचा शिक्का असलेली. त्या महिन्याची बिलं खतावणीत चढवताना लाकूड, डिझेल, ताग, सुतळी यांच्या खाली एक नवी नोंद आली: हातमोजे, २४ जोड. भाईंनी फोन करून विचारलं, ती कुठल्या खात्यावर टाकलीस. किरकोळ खर्च, मी म्हटलं. ते म्हणाले, नको, मजुरीखाली घाल. दर महिन्याला लागतील.